नोकरी सांभाळून अमेरिकेतील जॉर्जिया टेक विद्यापीठाची संगणकशास्त्रातील ऑनलाइन एम.एस. पदवी घेणे योग्य ठरेल का?

संगणकशास्त्र खोलवर शिकणे हा तुमचा उद्देश असेल, तर माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. मात्र अमेरिकेत जाण्याचा मार्ग म्हणून या अभ्यासक्रमाकडे पाहू नये, कारण पूर्णपणे ऑनलाइन शिक्षणासाठी विद्यार्थी व्हिसा मिळत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाचा एकूण खर्च ७,००० डॉलरच्या आसपास येतो आणि पदवीपत्रावर ‘ऑनलाइन’ असा उल्लेख नसतो. प्रवेश तुलनेने सुलभ आहे. खरी कसोटी त्यानंतर लागते. एकूण १० विषय, म्हणजे ३० क्रेडिट, पूर्ण करावे लागतात आणि पहिल्याच वर्षात पायाभूत विषयांपैकी दोन विषयांत किमान ‘बी’ श्रेणी मिळवावी लागते. व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित असल्यामुळे ती रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी पाहता येतात, परंतु प्रोग्रामिंगचे प्रकल्प आठवड्यातील कित्येक तास घेतात, म्हणून नोकरी करणाऱ्याने एका सत्रात एकच विषय घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. वर्षाला तीन सत्रे असल्याने या गतीनेही पदवी सुमारे साडेतीन वर्षांत पूर्ण होते.

तुमची पहिली पदवी यंत्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची असेल (आपल्याकडे अशांची संख्या मोठी आहे), तर अर्ज करण्यापूर्वी डेटा स्ट्रक्चर्स (माहिती संगणकात रचून ठेवण्याच्या पद्धती) आणि डिस्क्रीट गणित (तर्क, संच, आलेख यांसारख्या सुट्या घटकांचे गणित) पक्के करावे. अनेक विशेषीकरणांत अनिवार्य असलेला ‘ग्रॅज्युएट अल्गोरिदम्स’ (प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याच्या पद्धतींचा पदव्युत्तर अभ्यास) हा विषय या तयारीशिवाय फार जड जातो.