ट्रिगर हलका करून देता का?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त प्रश्नांचा गाभा एकच आहे: पिस्तुलाचा ट्रिगर हलका केला तर स्कोअर वाढेल का, आणि तो करून कोण देईल? मी पिस्तूल शिकवते आणि स्पर्धांच्या वेळी इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे पिस्तुलं नियमात बसतात का ते तपासण्याच्या, टेबलावरही बसते. त्यामुळे या हलक्या ट्रिगरचे प्रताप मला दोन्ही बाजूंनी पाहायला मिळतात. म्हणून एकदाच, सगळ्यांना मिळून.

प्रश्न : १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ५०० ग्रॅम ही ट्रिगरची कमाल मर्यादा आहे की किमान?

किमान. म्हणजे बोटाने ५०० ग्रॅमपेक्षा कमी जोर लावून ट्रिगर सुटता कामा नये. वर कितीही चालतो.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे, सहा महिन्यांपासून रेंजवर जाते. दुकानदार म्हणतो, वीस हजार जास्त देऊन "३०० ग्रॅमवर सेट केलेलं स्पेशल" पिस्तूल घ्या, पहिल्याच महिन्यात फरक दिसेल. घ्यावं का?

नाही. मॅचच्या कुठल्याही एअर पिस्तुलाचा ट्रिगर स्क्रूने कमी-जास्त करता येतो. स्क्रूच्या एका फेऱ्याचे वीस हजार मागतोय तो. शिवाय ३०० ग्रॅमचं पिस्तूल घेऊन ती कुठल्याही अधिकृत स्पर्धेत उभी राहू शकणार नाही. तिथे पुन्हा ५०० वर आणावं लागेल, आणि ३०० ची सवय झालेलं बोट ऐन मॅचमध्ये अडखळेल.

खरं तर सहा महिन्यांत पिस्तूल विकत घ्यायचीच घाई नको. क्लबचं वापरू द्या. बारा वर्षांच्या हाताला पिस्तुलाचं वजन आणि त्याच्या मुठीचा आकार या ट्रिगरपेक्षा कितीतरी मोठ्या गोष्टी आहेत. मूठ मोठी असेल तर बोट ट्रिगरवर सरळ पोचत नाही, तिरकं पडतं, आणि मग आपण ट्रिगरला दोष देतो. तिच्या कोचला सोबत घेऊन, तिच्या हातात पिस्तूल देऊन मगच ठरवा. एकटे दुकानात जाऊ नका.

प्रश्न : घरी गेजवर माझा ट्रिगर बरोबर ५०० दाखवतो. जिल्हा स्पर्धेत मात्र दोनदा वजन उचललं गेलं नाही. टेबलावरच्या ताई मुद्दाम त्रास देत होत्या असं वाटलं.

त्या ताई मी नव्हते, पण असते तरी हेच झालं असतं. तिथे काय होतं ते नीट समजून घ्या. पिस्तूल कॉक करून (ट्रिगर ओढताच सुटेल असं ताणून), नळी उभी धरून, टेबलावर ठेवलेलं ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरच्या मध्याजवळ अडकवायचं आणि सावकाश वर उचलायचं. वजन टेबलापासून सुटलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. एअर पिस्तुलात गॅस चालू ठेवूनच ही चाचणी होते. तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदाही "टक्" आवाज आला तर ट्रिगर वाढवून पुन्हा यायचं.

घरी तुम्ही स्प्रिंगचा काटा ट्रिगरच्या टोकाला लावून बघत असणार. टोकाला आणि मध्याला आकडा वेगळा येतो. लोक रांगेत उभं राहून माझ्याशी पाच-दहा ग्रॅमवरून वाद घालतात. तेवढ्या वेळात स्क्रू फिरवून झाला असता. सरळ ५२० ते ५३० वर ठेवा. आणि लक्षात असू द्या, मॅच संपल्यावरही अचानक तपासणी होऊ शकते. तिथे तो कमी भरला तर ट्रिगर वाढवून पुन्हा यायची सोय नाही, थेट बाद. मी एका मुलाला आयुष्यातला सर्वांत चांगला स्कोअर मारून बाद होताना पाहिलं आहे. त्याने मधल्या वेळात स्क्रूला "जरासाच" हात लावला होता.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक ट्रिगर चांगला की मेकॅनिकल?

वजनाचा नियम दोन्हींना तोच. जो कोच दुरुस्त करू शकेल तो घ्या, आणि इलेक्ट्रॉनिक घेतलात तर जादा बॅटरी किटमध्ये ठेवा.

प्रश्न : माझं पॉइंट टूटू (०.२२ बोरचं, गोळीचं) स्पोर्ट पिस्तूल परवान्यावरचं आहे. ट्रिगर थोडा खरखरतो. ओळखीचे एक कारागीर कानस आणि पॉलिश पेपरने सिअर घासून एका संध्याकाळीत लोण्यासारखा करून देतो म्हणतात, स्प्रिंगही थोडी कापतील. २५ मीटरला १००० ग्रॅमची किमान मर्यादा आहे, तेवढी ठेवू. काही हरकत?

हरकत आहे. इथे मी थोडी लांबण लावणार आहे, कारण या एका प्रश्नाने माझी झोप उडते.

सिअर म्हणजे हॅमरला, पिनवर ठोका देऊन गोळी उडवणाऱ्या हातोडीला, अडवून धरणारा पोलादाचा छोटासा दात. नखाएवढाही नाही. हॅमर त्याच्यावर टेकतो तो भाग मिलिमीटरचा अंश असतो, आणि त्यावर कडक केलेल्या पोलादाचा पातळ थर असतो. कानस फिरली की तो थर जातो. खालचं मऊ पोलाद पहिले दोनशे शॉट खरंच लोण्यासारखं वाटतं, मग झिजू लागतं. त्याहून वाईट म्हणजे कोन बदलतो. दाताचा कोन जरा बाहेर झुकला की हॅमर ट्रिगरची वाट बघत नाही, धक्का मिळाला की घसरतो. आणि सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात धक्का कधी मिळतो? प्रत्येक शॉटनंतर, बोल्ट (नवी गोळी आत ढकलणारा सरकता भाग) पुढे येऊन आदळतो तेव्हा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, नवी गोळी असते नेमकी त्याच क्षणी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या लेनपासून दोन जागा सोडून एक गृहस्थ उभे होते. पिस्तूल एका घड्याळजीकडून "स्मूद" करून आणलेलं. घड्याळजी आपल्या कामात उत्तम, त्याबद्दल वाद नाही. गृहस्थांनी मॅगझिन घातलं, बोल्ट सोडला आणि गोळी गेली. बोट ट्रिगरवर नव्हतं, मुठीच्या वर सरळ होतं, मी स्वतः पाहिलं. नळी पुढे होती म्हणून गोळी टेबलाच्या कडेचा लाकडाचा ढलपा उडवून समोरच्या जमिनीत गेली. नळी पाच अंश वर आणि डावीकडे असती तर? रेंज ऑफिसरने "स्टॉप" म्हटल्यावर सगळी लाइन मिनिटभर गप्प होती. टेबलाची ती कड अजून तशीच आहे. नवीन मुलांना मी तिच्यावरून बोट फिरवायला लावते.

स्प्रिंग कापण्याचंही तेच. हॅमरची स्प्रिंग कापली की ट्रिगर हलका होतो खरा, पण पिनचा ठोकाही हलका होतो आणि गोळ्या फुसक्या जायला लागतात. फुसकी गेलेली गोळी उशिराने पेटूही शकते. म्हणजे नळी टारगेटकडे धरून वाट बघत उभं राहायचं. रॅपिड सीरिजमध्ये, जिथे शॉटला मोजके सेकंद मिळतात, तिथे बसा मग मोजत.

आता कोणी म्हणेल, हलक्या ट्रिगरचा फायदा नसतोच का? असतो. म्हणून तर किमान मर्यादा घालावी लागली. पिस्तूल साधारण किलोभराचं. त्याला बोटाने अर्धा किलोचा जोर लावायचा आणि तरी नळी हलू द्यायची नाही, हा आपला खेळ. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइट एका रेषेत धरताना एका मिलिमीटरची चूक झाली तर १० मीटरवर ती तीन सेंटिमीटर होते. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. म्हणजे दहाचा थेट सात. पण ही चूक ट्रिगरच्या वजनाने कमी, आणि बोट बाजूला रेटल्याने जास्त होते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते २५ मीटर पिस्तूलमध्ये, हजार ग्रॅमच्या ट्रिगरवर. एअर पिस्तुलाच्या दुप्पट.

तेव्हा तुमचं पिस्तूल कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसकडे किंवा रायफल असोसिएशनच्या आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या. खरखर बहुतेक वेळा जळकी काजळी आणि सुकलेलं तेल असतं. साफ केलं की जाते. परवान्यावरचं शस्त्र दुरुस्तीला कोणाच्याही हाती देता येत नाही, त्याला त्या कामाचा परवाना लागतो, हेही त्या कारागिराला विचारून बघा.

प्रश्न : मॅचला हात थरथरतो, ट्रिगर झटका देऊन ओढला जातो. क्लबमधला एक सीनियर म्हणाला, बीपीची एक छोटी गोळी घे, सगळे घेतात.

सगळे घेत नाहीत, आणि जे घेतात ते पकडले जातात. बीटा ब्लॉकर गटाची औषधं नेमबाजीत बंद आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सू याने ५० मीटर पिस्तूलमध्ये रौप्य आणि १० मीटरमध्ये कांस्य जिंकलं. प्रोप्रानोलोल सापडलं, दोन्ही पदकं परत गेली. त्या सीनियरला हे वाचायला द्या. तुम्हाला खरंच रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा की मी नेमबाज आहे, आणि चालू औषध मनाने बंद करू नका. सवलतीचा अर्ज करण्याची रीतसर पद्धत आहे, असोसिएशनला विचारा.

प्रश्न : आजोबांचं जुनं रशियन तोझ-३५ आहे. ते दीड वर्षापूर्वी गेले. पिस्तूल कपाटात आहे. मागचा एक खटका लावला की ट्रिगर नुसत्या स्पर्शाने सुटतो. बिघडलं असेल का? दुरुस्त करून मला शिकायचं आहे.

बिघडलेलं नाही. ते फ्री पिस्तूल आहे, ५० मीटरसाठी. त्या प्रकारात ट्रिगरला किमान वजनच नाही, म्हणून सेट ट्रिगर: आधी खटका लावून ताणून ठेवायचा, मग काही ग्रॅमच्या स्पर्शाने सुटतो. बोट टेकवताना आपण श्वास रोखतो इतका नाजूक. याच मॉडेलवर सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र मेलेंतिएव्हने १९८० साली मॉस्कोत ६०० पैकी ५८१ मारले होते. तो विक्रम ३४ वर्षांनी, २०१४ मध्ये ग्रनाडाच्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या जिन जोंग ओहने ५८३ मारून मोडला. त्याच स्पर्धेत आपल्या जितू रायला रौप्य मिळालं. २०१६ च्या रिओनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला. आजोबांची निवड दांडगी होती.

आता पुढचं. परवाना आजोबांचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. दीड वर्ष ते शस्त्र तुमच्या घरात विनापरवाना आहे, आणि तुम्ही खटका लावून बघताय! हे वाचून झालं की पिस्तुलाला हात न लावता जवळच्या पोलिस ठाण्यात फोन करा, आजोबांचा परवाना आणि मृत्यूचा दाखला काढून ठेवा आणि शस्त्र कसं आणायचं ते त्यांनाच विचारा. ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ते विनाविलंब जमा करायचं असा कायदा आहे. वारसाला परवाना मागता येतो, पण तो अर्ज जमा केल्यानंतरचा विषय. शस्त्र कायद्याची कामं करणाऱ्या वकिलाला गाठा. "दिवाळीनंतर बघू" नको. शिकायचं असेल तर तोवर क्लबच्या एअर पिस्तुलावर या. काही ग्रॅमच्या ट्रिगरवर कोणीही सुरुवात करत नाही.

प्रश्न : सकाळी उठल्यावर ट्रिगरचं बोट वाकलेलं अडकतं, सरळ करताना कट् होतं. ट्रिगर ५०० वरून अजून खाली आणला तर बरं वाटेल का?

या दुखण्याला डॉक्टर खरोखरच "ट्रिगर फिंगर" म्हणतात. नेमबाज नसलेल्यांनाही होतं, विणकाम करणाऱ्या माझ्या आत्यालाही होतं. तुम्हाला तेच आहे की दुसरं काही, हे मी सांगणार नाही. हाडांच्या डॉक्टरांना या आठवड्यात दाखवा. तोवर शूटिंग बंद, आणि तेलाने चोळून बोट ओढायचंही बंद.

प्रश्न : घरी ड्राय फायर (गोळी न घालता ट्रिगर ओढण्याचा सराव) किती करावं?

रोज वीस मिनिटं, कोऱ्या भिंतीसमोर. एअर पिस्तुलाला ड्राय फायरची सोय असते ती वापरा. पॉइंट टूटूच्या चेंबरमध्ये प्लग घातल्याशिवाय करू नका, पिन चेंबरच्या कडेवर आपटून खड्डा पडतो. आणि गोळ्यांचा डबा आधी दुसऱ्या खोलीत ठेवून या.