‘आधी जगू दे’ याच्या पुढचे प्रश्न

दादा, तुमची लेक नऊ दिवसांची आहे, जन्मल्यावर ती रडली नाही आणि तालुक्याच्या गावाहून मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत दहा तास उलटल्यामुळे तिला शरीर थंड ठेवण्याचा उपचार देता आला नाही. मेंदूचा एमआरआय झाल्यानंतर डॉक्टरांनी आता घरच्यांना बोलावले आहे. तिथे काय विचारावे आणि बाळाच्या आईला कितपत सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्यालाही जन्मताना प्राणवायू कमी पडला होता आणि आज त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे, आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार कोणते द्यावेत हे सांगणार नाही. पालकांनी स्वतःचे म्हणणे कसे मांडावे, एवढेच लिहिते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. ताईंना सगळे सांगा. ‘तिला आत्ता काही बोलू नका, दूध आटेल’ हे आमच्याही घरात मोठ्यांनी ठरवले होते आणि ते मायेपोटीच ठरवले होते, याबद्दल मला शंका नाही. चार दिवस मला बाळाला कावीळ आहे असे सांगण्यात आले. मी खाटेवर पडून सगळ्यांचे चेहरे वाचत होते आणि जे मनात येत होते ते खऱ्यापेक्षाही भयंकर होते. पाचव्या दिवशी एका सिस्टरनी मला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नेले, हाताने दूध कसे काढायचे ते दाखवले आणि सुईविना सिरिंजमध्ये जेमतेम दोन मिलिलिटर पिवळसर चीक जमला. त्यात कापसाची काडी बुडवून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी ती त्याच्या गालाच्या आतून फिरवली आणि त्याची जीभ किंचित हलली. आई म्हणून मी त्याच्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट होती आणि त्यासाठी मला चार दिवस उगीच थांबावे लागले होते. तोंडाने पाजता येत नसले तरी दूध काढून नळीने देता येईल का, तिला कुशीत कधी घेता येईल आणि तोवर नुसता तळवा तिच्या डोक्यावर ठेवला तर चालेल का, हे प्रश्न किरकोळ समजू नका.

थंड करण्याचा उपचार हुकला म्हणून घरात एकमेकांना दोष दिला जातो आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरुवात करून ७२ तास बाळाचे तापमान साधारण ३३ ते ३४ अंश सेल्सिअस ठेवायचे, असा तो उपचार आहे आणि श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत त्याचा फायदा सिद्ध झालेला आहे. परंतु भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील ४०८ बाळांवर झालेल्या ‘हेलिक्स’ या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा थंड केलेल्या बाळांमध्ये मृत्यू किंवा अपंगत्वाचे एकत्रित प्रमाण कमी झालेले दिसले नाही आणि मृत्यू तर जास्त झाले होते. आमचाही मुलगा वेळेत पोहोचला नव्हता, आणि ते निष्कर्ष वाचेपर्यंत मी कित्येक वर्षे रात्री गाडीचे तास मोजत असे. तुमच्या लेकीच्या बाबतीत काय झाले असते हे कोणीच सांगू शकत नाही; म्हणून त्या दहा तासांचा हिशोब एकमेकांकडे मागू नका.

त्याच चाचणीवरून आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अशा संशोधनात मृत्यू आणि मध्यम किंवा तीव्र अपंगत्व हे एकाच आकड्यात मोजतात. शास्त्राच्या दृष्टीने त्याला कारणे असतील, परंतु माझ्या दृष्टीने या दोन गोष्टी एका रकान्यात बसत नाहीत, कारण माझा मुलगा चालत नसला तरी वडिलांच्या स्कूटरचा आवाज ओळखून दाराकडे मान वळवतो. म्हणून डॉक्टरांना केवळ ‘नॉर्मल होईल ना?’ असे विचारू नका. इजा मेंदूच्या कोणत्या भागात दिसते ते विचारा. बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस हे आतले भाग दुखावले असतील तर हालचाल आणि गिळणे यांत अडचणी येण्याचा धोका अधिक असतो. त्यापुढे, तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे काय आहे ते स्वतःहून सांगा, कारण ते बहुधा कोणी विचारत नाही.

आम्हाला ओपीडीत दर वेळी मान धरली का, बसतो का, एवढेच विचारले जाई. घरी मात्र एकेक दूध पाजायला पाऊण तास लागत होता, प्रत्येक घोटाला ठसका लागत होता आणि तो निळा पडेल या भीतीने सासूबाई खोलीबाहेर जाऊन उभ्या राहत. मला त्या काळात चालण्याची स्वप्ने पडत नव्हती. एक वाटी दूध शांतपणे पोटात जावे, एवढेच हवे होते. सातव्या महिन्यात मी ते स्पष्ट शब्दांत सांगितले, तेव्हा गिळण्याच्या थेरपिस्टकडे पाठवले गेले, बसवण्याची पद्धत आणि दुधाचा दाटपणा बदलला आणि ठसके कमी झाले. हे पहिल्याच महिन्यात होऊ शकले असते.

प्रकृती आणखी बिघडली तर कोणते उपचार तिला बरे करण्यासाठी आहेत, कोणते केवळ आयुष्य लांबवण्यासाठी आहेत आणि तिला वेदना होऊ नयेत म्हणून काय केले जात आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. हा प्रश्न विचारला म्हणून तुमची माया कमी ठरत नाही.

घरी जाण्यापूर्वी पुढच्या तारखा लिहून घ्या. कानाची बेरा तपासणी (बाळाला ऐकू येते का, हे पाहणारी) आणि डोळ्यांची तपासणी यांत टाळाटाळ होऊ देऊ नका. तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान बाळ उताणे निजलेले असताना त्याच्या आपसूक हालचालींचा व्हिडिओ पाहून प्रशिक्षित तज्ज्ञ बरेच काही सांगू शकतात. ती सोय कुठे आहे ते आत्ताच विचारून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, म्हणजे बाळाच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार सुरू करणारी केंद्रे, चालतात. तिथे निदान पक्के होण्याची वाट न पाहता नाव नोंदवा.

आणि फिट्सचे औषध चालू राहणार असेल, तर मात्रा मिलिग्रॅम आणि मिलिलिटर अशा दोन्ही मापांत, वेळेसह, कागदावर लिहून मागा. आमच्याकडे एकदा दुकानातून वेगळ्या ताकदीची बाटली आली होती आणि कागदावर मिलिग्रॅम लिहिलेले होते म्हणूनच ते वेळेत लक्षात आले.