मॅथ्स-स्टॅट्सच करायचंय तर इतिहास, साहित्य कशाला?

तुम्ही विचारलंय की लिबरल आर्ट्समध्ये मॅथ्स-स्टॅट्स मेजर घेतलं तर बाकीच्या विषयांत वेळ फुकट जातो का. मी हेच केलंय, मेजर मॅथ्स-स्टॅट्स आणि जोडीला इतिहास, म्हणून सांगतो.

पहिलं वर्षभर मलापण वाटायचं की इतिहास उगाच गळ्यात मारलाय. मग एकदा वर्गात फेडरलिस्ट पेपर्स आले, म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ मध्ये टोपणनावाने छापून आलेले ८५ लेख, त्यातले १२ हॅमिल्टनचे की मॅडिसनचे (दोघेही त्या काळचे अमेरिकन राजकारणी) यावर कितीतरी वर्षं भांडण चालू होतं. मोस्टेलर आणि वॉलेस या दोघा स्टॅटिस्टिशियननी १९६४ मध्ये काय केलं, तर सरळ शब्द मोजले. आणि तेही युद्ध, कायदा असले वजनदार शब्द नाही, कारण ते लेखाच्या विषयाप्रमाणे कमीजास्त होणारच, तर लिहिताना ज्यांच्याकडे आपलं लक्षही नसतं असे किरकोळ शब्द. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत साधारण तीनदा वापरतो, मॅडिसन क्वचितच. असे बरेच शब्द घेऊन बेझचा नियम, म्हणजे नवा पुरावा मिळाला की आपला अंदाज किती बदलायचा ते सांगणारा प्रोबॅबिलिटीचा नियम, लावला आणि बाराही लेख मॅडिसनच्या पारड्यात गेले. बेझ मला तोवर परीक्षेपुरता पाठ होता, कळला तो इतिहासाच्या तासाला!

उलटंही होतं बरं का. प्रूफच्या, म्हणजे गणिती सिद्धता लिहिण्याच्या, पहिल्या कोर्सला मी एका ओळीत 'हे उघडच आहे' लिहून मोकळा झालो, तर सरांनी त्याला लाल गोल करून बाजूला एवढंच लिहिलं, 'कोणाला?' तेव्हापासून इतिहासाच्या निबंधातपण 'साहजिकच' लिहायला गेलो की हात अडखळतो.

आता तोटा. मॅथ्सचे कोर्स कमी होतात, हे खरंय. पुढे मास्टर्स किंवा पीएचडी डोक्यात असेल तर रिअल अ‍ॅनालिसिस, प्रूफवालं लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी हे तीन सोडू नका, आणि स्टॅट्स म्हणून नुसती सॉफ्टवेअरची बटणं दाबायला शिकवत असतील तर दुसरं कॉलेज बघा. छोट्या डिपार्टमेंटला वरचे कोर्स कधीकधी वर्षाआड चालतात, माझा एक असाच हुकला तो हुकलाच. त्यामुळे नुसत्या कोर्सच्या यादीवर जाऊ नका, मागच्या दोन वर्षांचं टाइमटेबल मागून घ्या.