हेल्पर म्हणून जायचं की वेल्डर म्हणून?

भाऊ,

तुझा प्रश्न असा, की आठवीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड झाला, दारव्ह्यात गेट-ग्रिल-शेडचं काम दोन वर्षं केलं, आणि आता एजंट अबुधाबीचा हेल्परचा व्हिसा देतो म्हणतो. ‘तिथं गेल्यावर वेल्डर होशील’ असंही सांगतो. जावं की आधी शिकावं?

आधी शिक. करारावर हेल्पर लिहिलं की पगार हेल्परचाच धरतात, मग साइटवर तुझ्या हाती वेल्डिंगचा होल्डर दिला तरी. पद बदलायला कंपनीची मर्जी लागते, आणि कमी पैशात वेल्डर मिळाला असेल तर कंपनी ती घाई करत नाही.

पहिलं काम दहावी. दहावी नसली की पासपोर्ट ईसीआर (‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’) निघतो, आणि अमिरातीत नोकरीला जायला आपल्या सरकारची एमिग्रेशन मंजुरी, म्हणजे देशाबाहेर कामाला जायची परवानगी लागते. इलेक्ट्रिशियनसारखा दोन वर्षांचा ट्रेड असता तर त्यावर सूट मिळाली असती. तुझा एक वर्षाचा आहे. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दे. अमिरातीत ‘कुशल’ गटात धरायला माध्यमिक शिक्षणाचा साक्षांकित दाखला आणि किमान ४,००० दिरहम पगार लागतो, म्हणजे हा कागद पुढेही कामी येतो. मार्कशीट, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि पासपोर्ट, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच पाहिजे. आपल्याकडे आडनाव आधी लिहितात, वडिलांच्या नावात एखादं अक्षर इकडे-तिकडे होतं, आणि साक्षांकनाच्या वेळी काम तिथंच अडतं. दुरुस्ती आत्ताच करून घे.

आता हाताचं. ग्रिलच्या कामात ६०१३ रॉडनं पातळ पट्टी जोडतात; तेल-वायूच्या साइटवर पाइप लागतो. तिथली टेस्ट ६जी, म्हणजे पाइप ४५ अंशांत तिरपा बांधलेला, तो फिरवायचा नाही, आपण भोवती फिरायचं. ही पास झालास की बाकीच्या पोझिशनही त्यात येतात. रूट, म्हणजे सांध्याच्या तळाचा पहिला थर, टिगनं (आर्गॉन वायूच्या आडोशाखालचं वेल्डिंग), वरचे पास, म्हणजे थर, ७०१८ रॉडनं. दोन्ही तोंडांना ३७.५ अंशांचा बेव्हल (तिरपा काप), गॅप अडीच-तीन मिलिमीटर, चार टॅक (धरून ठेवणारे छोटे टाके). वेल्ड आकसतं तसा गॅप आवळत जातो, म्हणून जी बाजू शेवटी भरायची तिथं किंचित जास्त ठेव. नाहीतर तिथं रूट आत उतरत नाही. सगळ्यात जास्त पोरं पाइपच्या तळाला, सहा वाजताच्या जागी नापास होतात: वितळलेला धातू खाली ओघळतो आणि आतून खड्डा पडतो. तिथं आर्क आखूड ठेवून फिलर (भरायची तार) आत ढकलावा लागतो. जिथं थांबलास तिथलं टोक घासून निमुळतं केल्याशिवाय पुढं सुरू करू नको. ७०१८ रॉड ओव्हनमध्ये तापवूनच वापरायचे. ओलसर रॉडमधला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो, भोकं पडतात, तडे जातात, आणि एक्स-रेत ते लपत नाही.

हा सराव दुकानात होत नाही. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा इथल्या वीज केंद्रांत शटडाउनला, म्हणजे दुरुस्तीसाठी संच बंद ठेवतात तेव्हा, बॉयलरच्या ट्यूबची कामं निघतात. ठेकेदाराकडं फिटरच्या हाताखाली लाग आणि सुट्टीत कापलेल्या तुकड्यांवर सराव कर. पुढं आयबीआरची (बॉयलरच्या सरकारी नियमांखालची) वेल्डर परीक्षा दिलीस तर मुलाखतीत तुझ्या हाताला सरकारी कागदाचा आधार राहतो. अनुभवाच्या पत्रात प्रोसेस (टिग की रॉड), पाइपचा व्यास आणि तारखा लिहून घे. नुसतं ‘काम चांगलं’ याला कोणी विचारत नाही.

ऑफर आली की एकूण आकड्याआधी बेसिक बघ. समजा, दोन्हीकडं १,५०० दिरहम मिळतात. एकीकडं बेसिक ८०० आणि भत्ता ७००, दुसरीकडं सगळं बेसिकच. ओव्हरटाइम बेसिकच्या सव्वापट मोजतात. रोज दोन तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर पहिल्याला साधारण २१७ दिरहम, दुसऱ्याला ४०६. ग्रॅच्युइटीही बेसिकवरच, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांची. पाच वर्षांनी एकाला २,८००, दुसऱ्याला ५,२५०. राहणं, जेवण, जाण्या-येण्याची सोय कोण करणार तेही करारातच पाहिजे.

एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपास. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि जीएसटी, म्हणजे ३५,४०० पेक्षा जास्त घेता येत नाही. पैसे बँकेतून दे, पावती घे. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चल’ म्हणाला तर तिथंच थांब. त्या व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे, पगार बुडाला तर तक्रार करायला करारच नसतो, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमाही हातून जातो. यासाठी वावर गहाण ठेवू नको, सोयाबीनच्या भरवशावर सावकाराकडून उचल तर मुळीच नको. हप्त्याच्या धास्तीनं माणूस मिळेल तो करार सही करतो.