अर्धा कण कुठून आला?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. क्लोरीनचे अणुवस्तुमान 35.5 वाचून तिने विचारले, ‘‘अणूत अर्धा कण असतो का? आणि एवढासा अणू तोलला तरी कसा?’’ मला उत्तर देता आले नाही. – एक पालक, सोलापूर

उत्तर : ताई, मुलीचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण ते तोलणे मी स्वतः केले आहे. एकटा अणू तराजूत येत नाही. असंख्य अणू एकदम तोलायचे आणि प्रमाण काढायचे.

सोलापुरातच बी.एस्सी.ला असताना आम्ही सराफाकडून आणलेली 1 ग्रॅम शुद्ध चांदी नायट्रिक आम्लात विरघळवली आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले. दह्यासारखा पांढरा साका खाली बसला, तो सिल्व्हर क्लोराइड. चांदीच्या एका अणूला क्लोरीनचा एक. आपल्या बोअरच्या पाण्यातही क्लोराइड असते, त्याचा थेंब पडला तरी द्रावण दुधाळ होई. म्हणून प्रत्येक चंचुपात्र ऊर्ध्वपातित पाण्यानेच विसळायचे. उजेडात साका जांभळट पडतो, म्हणून खिडकीला काळा कागद. साका वाळवून तोलला, 1.326 ग्रॅम भरला. म्हणजे क्लोरीन 0.326 ग्रॅम. त्याला चांदीच्या अणुवस्तुमानाने, म्हणजे 107.87ने गुणले, 35.2 आले. गाळताना साका थोडा निसटला होता. हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्स यांनी अशीच तोलाई कमालीच्या काटेकोरपणे केली, त्यांना 1914चे नोबेल मिळाले.

आता तो अर्धा कण. गठ्ठ्यात तीन सिंगल चादरी आणि एक डबल असेल, तर गठ्ठा तोलून चाराने भागल्यावर येणाऱ्या वजनाची चादर त्यात एकही नसते. क्लोरीनचे तसेच आहे. अणू दोन वजनांचे, आणि तराजू सरासरीच सांगतो. ते वेगळे करायला केंब्रिजच्या फ्रान्सिस ॲस्टन यांनी 1919मध्ये मास स्पेक्ट्रोग्राफ बांधला. त्यात अणूंना विद्युतभार देऊन वेगाने सोडतात आणि विद्युत व चुंबकीय क्षेत्रांतून नेतात. वेग सारखा असेल तर चुंबकीय क्षेत्रात हलका जास्त वळतो, जड कमी.

1961पासून कार्बन-12 हा अणू नेमका 12 धरून बाकी सर्व मोजतात. त्या मापाने क्लोरीनचे समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनांचे ते दोन अणू, 34.969 (75.8 टक्के) आणि 36.966 (24.2 टक्के). मुलीला ही गुणाकार-बेरीज स्वतः करू द्या, 35.45 येईल. पुस्तकातले 35.5 म्हणजे तेच, सोयीसाठी पूर्णांकित केलेले.