बुटका बांबू जमीन झाकायला लावला तर सगळ्या बागेत पसरेल का?

अडवला नाही तर पसरणारच. प्लायोब्लास्टस पिग्मेयस हा बुटका बांबू उंचीला ३०-६० सेंमीच राहतो, पण त्याची जमिनीखालची खोडं वरच्या वीत-दीड वीत मातीत आडवी धावतात. म्हणून वाफ्याभोवती जाड प्लास्टिकची ६० सेंमी रुंद पट्टी उभी गाडा, वरची ५ सेंमी मातीबाहेर ठेवा. बहुतेकांचं इथंच चुकतं: पट्टी मातीत बुडाली की खोडं तिच्यावरून पलीकडे जातात. जोडावर टोकं एकमेकांवर चढवून घट्ट आवळा; तिथली फट त्यांना बरोबर सापडते.

रोपं ३०-४५ सेंमीवर लावा. पहिलं वर्ष ओल टिकवा, नाहीतर पानांच्या कडा करपतात. झाड काटकुळं, विरळ दिसू लागलं तर नवे कोंब फुटायच्या आधी जमिनीलगत छाटा. कोंब वर आल्यावर छाटलंत तर त्या हंगामाची वाढ गेलीच.