ड्रमचं रेकॉर्डिंग मिडीत नेऊन टायमिंग आणि आवाज दोन्ही एकदमच सुधारता येतील का?

तुम्ही लिहिलंय की ड्रम चार माइकवर घेतलाय: एक किकला (पायाने वाजणारा मोठा ड्रम), एक स्नेअरला (कडक वाजणारा छोटा ड्रम) आणि वर दोन ओव्हरहेड, म्हणजे अख्खा संच टिपणारे. ड्रमर क्लिकवरच (कानातल्या टिकटिकीवर) वाजवतोय, पण प्रत्येक फिलनंतर (ओळींमधल्या भरावाच्या ठोक्यांनंतर) पुढे पळतो, आणि किक पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. सगळं मिडीत, म्हणजे आवाजाऐवजी ठोक्यांच्या नोंदीत, नेलं तर एका दगडात दोन पक्षी मरतील का, की पोराला परत बोलवावं लागेल?

दोन्ही पक्षी मरतील, पण दगड दोन लागतील. टायमिंग हे एक काम आणि आवाज बदलणं हे दुसरं. मी ही दोन्ही कामं एकात घातली होती, म्हणून सांगतो.

जळगावात माझी दहा बाय बाराची खोली आहे, अहिराणी गाण्यांचं रेकॉर्डिंग करतो. मे महिन्यात टेकच्या वेळी कूलर बंद करावा लागतो, त्यामुळे कुणालाच दुसरा टेक द्यायचा नसतो. एका हळदीच्या गाण्याला ड्रमर पारोळ्याकडचा होता. हात गोड, पण लय पुढे. मी किक आणि स्नेअर मिडीत काढल्या, ग्रिडवर (लयीच्या आखीव रेषांवर) नेऊन बसवल्या, नवा आवाज लावला. नुसत्या त्या दोनच ऐकल्या तर झकास. मग ओव्हरहेड उघडले आणि प्रत्येक स्नेअर ‘टक’च्या ऐवजी ‘टडक’ वाजायला लागली. मिडीतली स्नेअर जागेवर गेली होती, पण ओव्हरहेडमध्ये शिरलेली जुनी स्नेअर होती तिथेच. दोघींत २०-२५ मिलिसेकंदांचं अंतर, म्हणजे कानाला सरळ दोन ठोके. वैतागून रात्री दोनला ओव्हरहेडच बंद केले आणि झांजाही सॅम्पलच्या (आधीच रेकॉर्ड केलेल्या) लावल्या. सकाळी ड्रमरने ऐकलं आणि एवढंच म्हणाला, “हाऊ मी नही, भो.” म्हणजे हा मी नाही, भाऊ.

तेव्हा आधी टायमिंग, आणि तेही ऑडिओतच. चारही ट्रॅक एका ग्रुपमध्ये बांधा आणि जे कापाल, सरकवाल ते चारही एकदम. एक जरी मागे राहिला तरी ‘टडक’ आलंच. रेकॉर्डिंगच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये याची सोय आहे: रीपरमध्ये डायनॅमिक स्प्लिट, प्रो टूल्समध्ये बीट डिटेक्टिव्ह, लॉजिकमध्ये फ्लेक्स. नावं वेगळी, काम तेच. ओव्हरहेडमध्ये स्नेअर मुळातच थोडी उशिरा येते, मीटरभर अंतराला साधारण ३ मिलिसेकंद. ते अंतर तसंच राहू द्या, खोलीचा आवाज त्यातच असतो.

ग्रिड कुठली धरता तेही बघा. आपल्याकडची वरातीची, हळदीची गाणी बरीचशी सहा-आठच्या झुलत्या ठेक्यात असतात. ती सरळ सोळाच्या ग्रिडवर क्वांटाइझ केली (ओढून बसवली) की झोका जातो आणि गाणं कवायतीला उभं राहतं. ट्रिपलेटची (एका मात्रेचे तीन भाग करणारी) ग्रिड घ्या आणि शंभर टक्के ओढू नका, ५०-६० टक्के पुरे. तुमचा ड्रमर फक्त फिलनंतर पळतोय ना, मग तेवढेच बार (आवर्तनं) धरा. बाकीच्याला हात कशाला लावायचा?

आता मिडी. मिडीत आवाज नसतो. कुठला नोट, कधी आणि किती जोरात, एवढंच असतं. जनरल मिडीत (नंबरांच्या ठरलेल्या यादीत) किक ३६ नंबरवर, स्नेअर ३८ वर, आणि जोर म्हणजे व्हेलॉसिटी १ ते १२७. एबलटनमध्ये ड्रमचा ऑडिओ सरळ मिडीत बदलायची सोय आहे, लॉजिकमध्ये ड्रम रिप्लेसमेंट आहे, रीपरचं रीगेट आवाज ठरावीक पातळीवर गेला की मिडी नोट पाठवतं. काहीही वापरा, पण मूळ ट्रॅकवर नको, त्याची कॉपी करून तिच्यावर. किकच्या कॉपीवर वरचा सगळा आवाज कापून टाका, नाहीतर स्नेअरचा फटकाही किक म्हणून मोजला जाईल. एक ठोका धरला की पुढचे ५० मिलिसेकंद दुसरा धरायचा नाही असं सेट करा, म्हणजे चामड्याच्या थरथरीचे खोटे ठोके निघत नाहीत. १२० च्या लयीत सोळावा हिस्सा १२५ मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे खरे ठोके सुटत नाहीत.

खरी मेहनत यानंतर. झूम करून एकेक नोट लाटेच्या सुरुवातीशी जुळवून बघा. हलका ठोका थ्रेशोल्डपर्यंत (ज्या पातळीला तो मोजला जातो तिथपर्यंत) चढायला जास्त वेळ घेतो, म्हणून त्याची नोट नेमकी उशिरा पडते. स्नेअरच्या घोस्ट नोट (अगदी हलके ठोके) तर बहुतेक हातानेच घालाव्या लागतात. तीन मिनिटांच्या गाण्याला माझा यात तासभर जातो आणि तो मी वाचवत नाही. सगळे ठोके १२७ वर सोडले तर ड्रम वाजत नाही, गोळीबार होतो.

आवाज लावताना तुमची डब्यासारखी किक पूर्ण बंद करून नवी घ्या आणि ओव्हरहेडमधून ३०० हर्ट्झखालचं काढून टाका, म्हणजे डबा बराचसा गायब. स्नेअर मात्र मूळचीच ठेवून नवी तिच्याखाली मिसळा. मिसळल्यावर आवाज जाडच्या ऐवजी पातळ झाला तर पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. टॉम (फिलमध्ये वाजणारे बाकीचे ड्रम) तुमच्याकडे फक्त ओव्हरहेडमध्ये आहेत, ते सॉफ्टवेअरला नीट सापडणार नाहीत. चार-पाच फिल असतील तर ऐकून हाताने टाका. झांजांना हात लावू नका.

याच गाण्यात ढोलकी असेल तर तिला यात अजिबात घालू नका. डाव्या हाताचा घिस्सा (घासत काढलेला आवाज) एका नोटेत बसत नाही. ढोलकी कापून सरकवा, बस.

पोराला परत बोलवायचं का? फिलनंतरचे दहा-बारा बारच बिघडले असतील तर नको. प्रत्येक बार ओढावा लागत असेल तर बोलवा, एका दुपारचं काम आहे. बोलवलंत तर किकच्या चामड्याला एक पिझो डिस्क (थरथर टिपणारी छोटी चकती) चिकटपट्टीने लावा आणि ती वेगळ्या ट्रॅकवर घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळते. तिचा आवाज ऐकण्यासारखा नसतो, पण शेजारचं त्यात जवळपास काहीच शिरत नाही, त्यामुळे मिडी पहिल्याच झटक्यात साफ निघतं. आणि तो बँडमध्ये ऑक्टोपॅडही वाजवत असेल तर ऑक्टोपॅडच्या वेळी ऑडिओच्या वायरीसोबत मिडीची वायरही लावून ठेवा. तिथे काही बदलावंच लागत नाही, मिडी आयतंच मिळतं. आपल्याकडचे निम्मे बँडवाले ऑक्टोपॅडवरचं मिडीचं ते भोक कशाचं आहे हेच विचारतात.